"कुत्रं कोणाचं?" प्राण्यावर अत्याचार झाला तर पोलीस ठाण्यात काय मागायचं

ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभं राहून तुम्ही सांगता, की गल्लीतल्या कुत्र्याचा पाय एकाने लोखंडी पाइप मारून मोडला. समोरून पहिला प्रश्न येतो, "कुत्रं कोणाचं?" कोणाचंच नाही, गल्लीतलं आहे, असं म्हणालात की दुसरा प्रश्न तयार असतो, "मग तुमचा काय संबंध?" बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. माझीही पहिली तक्रार अशीच संपली. मी "बघा की साहेब काहीतरी" म्हणत राहिलो, त्यांनी मला चहा विचारला आणि मी घरी आलो.

पुढे कळलं, की या दोन्ही प्रश्नांना कायद्यात सरळ उत्तर आहे. ते तक्रारदाराला माहीत नसतं आणि दिवसभर चोऱ्या-मारामाऱ्या निस्तरणाऱ्या अंमलदारालाही बहुतेक वेळा नसतं. रात्री दहा वाजता जखमी जनावर समोर पडलेलं आहे आणि आता करायचं काय, असं विचारणाऱ्या माणसासाठी हा लेख लिहितो आहे. कलमं येतील, पण लागतील तेवढीच.

आधी दोन कायदे ओळखून घ्या

पहिला कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला खासगी विधेयक मांडलं, सरकारने "आम्हीच कायदा आणतो" म्हणून ते मागे घ्यायला लावलं, आणि त्यातून हा कायदा आला. त्याचं कलम ११ हे सगळ्यात कामाचं. मारणं, लाथा घालणं, ताकदीबाहेर राबवणं, जखमी किंवा आजारी जनावर कामाला जुंपणं, हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं, मालक असून चारापाणी न देणं, त्रास होईल अशा तऱ्हेने गाडीत कोंबून नेणं, झुंजी लावणं, हे सगळं त्यात येतं. पाळलेलं जनावर सोडून देणंही येतं. नव्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही म्हणून त्याला घाटात उतरवून येणारे लोक गुन्हा करत असतात, हे त्यांच्या गावीही नसतं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कलम ११ "कोणत्याही प्राण्या"बद्दल बोलतं. त्याचा 'एल' हा खंड तर भटक्या कुत्र्यांचा स्पष्ट उल्लेख करतो. चारापाणी न देण्यासारखे काही खंड फक्त मालकाला लागू होतात, पण मारहाणीच्या किंवा जीव घेण्याच्या गुन्ह्यात जनावर कोणाचं हा प्रश्न गैरलागू आहे. तुमच्या संबंधाबद्दल सांगायचं तर दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणीही देऊ शकतो. रस्त्यावर खून झालेला पाहिला तर मेलेल्याचे नातेवाईक असावं लागत नाही, तसंच हे.

या कायद्याची दुखरी नस म्हणजे शिक्षा. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. दोन वडापाव खाल्ले की संपतात एवढे. तीन वर्षांत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० मध्ये पन्नास रुपयांना वजन होतं, आज नाही. केंद्राने २०२२ मध्ये शिक्षा वाढवणारा मसुदा हरकती-सूचनांसाठी मांडला, पण तो कायदा झालेला नाही.

त्यातच कलम ११ चे बहुतेक खंड अदखलपात्र आहेत. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. अपवाद कलम ३१ मध्ये दिले आहेत: ११(१) चे 'एल' (अनावश्यक क्रूर पद्धतीने अवयव तोडणं किंवा जीव घेणं), 'एन' (झुंजीसाठी जागा चालवणं) आणि 'ओ' (बंदिस्त प्राणी सोडून त्यांच्यावर नेमबाजी), शिवाय दुभत्या जनावरावर फुंका (दूध काढण्यासाठी त्याच्या योनीमार्गात हवा किंवा पदार्थ घालणं) वगैरे प्रकार करण्याचं कलम १२. हे चार दखलपात्र.

दुसरा कायदा म्हणजे भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू. तिचं कलम ३२५ पाठ करा. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं किंवा निकामी करणं, याला पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. जामीनपात्रही आहे, तेव्हा आरोपी संध्याकाळी घरी दिसला तर केस बुडाली असं समजू नका. जुन्या दंड संहितेत यासाठी ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती आणि त्यांत प्राण्याच्या किमतीचा हिशेब होता: एकात दहा रुपये, दुसऱ्यात गुराढोरांखेरीज इतर प्राण्यांसाठी पन्नास रुपये. गावठी कुत्र्याची किंमत काय, यावर ठाण्यात वाद घातलेले लोक मला माहीत आहेत. नव्या कलमात किमतीची अट गेली.

मग कोणतं कलम कुठे? नुसती काठी मारली, साखळीला उपाशी बांधलं, तर ११(१). हाड मोडलं, डोळा गेला, विष घातलं, जीव गेला, तर ३२५ आणि सोबत ११(१)(एल) किंवा मारहाणीचा खंड (ए). एकाच प्रकरणात एक गुन्हा जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे पोलीस आणि न्यायालयांच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचं, कलम १७४(४) सांगतं. पोलिसांसमोरचा तुमचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा राहतो.

एक भोक मात्र राहिलं आहे. जुनं कलम ३७७ नव्या संहितेत आलंच नाही, त्यामुळे प्राण्यांवरच्या लैंगिक अत्याचाराला वेगळं कलम उरलेलं नाही. अशा वेळी ११(१)(ए) आणि जखमा गंभीर असतील तर ३२५, एवढाच रस्ता. जखमांची वैद्यकीय नोंद किती बारकाईने झाली यावर सगळं अवलंबून.

आणि तारीख. १९६० च्या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत न्यायालयात दाखल व्हावा लागतो (कलम ३६). तक्रार नोंदवून घरी बसलात, कागद कपाटात पडून राहिला आणि तीन महिने उलटले की त्या कायद्यापुरता विषय मिटला. ३२५ ला ही मुदत नाही. म्हणूनही ते जिथे लागू होतं तिथे लावून घ्यायचं.

पहिला तास

जनावर जिवंत असेल तर आधी त्याच्याकडे बघा. कुत्रा-मांजर वेदनेत असेल तर ओळखीचंही चावतं. जाड टॉवेल किंवा गोणपाट टाकून उचला, तोंडाजवळ हात नेऊ नका. गाय-बैल बसला असेल तर ओढून उठवू नका. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. वन्यप्राणी असेल तर वनविभागाचा १९२६. आकड्यांची अदलाबदल सर्रास होते. गाईसाठी १९२६ लावून दहा मिनिटं वाया घालवलेला माणूस हा लेख लिहितो आहे.

मारहाण चालू असेल तर ११२. मध्ये पडून हाणामारी करू नका. उलट तक्रार तुमच्यावर होते आणि मूळ विषय बाजूलाच राहतो. ११२ च्या कॉलची वेळ नोंदली जाते, तीही पुढे उपयोगी पडते.

पुरावा: फोन सांभाळा

जागा ओळखू येईल असा एक लांबचा फोटो, मग जखमेचे जवळून. हत्यार पडलं असेल तर हात न लावता त्याचा. व्हिडिओ घेताना वेळ आणि ठिकाण तोंडाने बोला. आसपासच्या दुकानांचे, सोसायटीचे कॅमेरे कुठे आहेत ते लिहून ठेवा. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून तक्रारीतच "अमुक ठिकाणचं चित्रण जप्त करावं" असं मागा.

माझी एक चांगली केस माझ्याच चुकीने पडली. शेजाऱ्याने बैलाला आर टोचून रक्तबंबाळ केलेलं, व्हिडिओ स्पष्ट. मी तो व्हॉट्सॲपवर दहा जणांना पाठवला आणि फोन भरला म्हणून मूळ फाइल पुसली. उरली ती दाबून लहान झालेली, तारीख हरवलेली प्रत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावं लागतं आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळ फाइल जाग्यावर असेल तर हे सगळं सोपं. तेव्हा मूळ फाइल पुसायची नाही, तिच्यावर संगीत-मजकूर चढवायचा नाही, आणि पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची.

तक्रार होण्याआधी समाजमाध्यमांवर टाकू नका, हा माझा आग्रह आहे आणि त्यावर मित्रांशी माझी भांडणं झाली आहेत. ते म्हणतात, गाजल्याशिवाय पोलीस हलत नाहीत. त्यांत तथ्य आहे. पण गाजलं की आरोपी आणि साक्षीदार दोघंही सावध होतात, आणि साक्षीदार असतो तो त्याच गल्लीत राहणारा गरीब माणूस.

पशुवैद्यकाचा कागद

यावर जास्त लिहितो, कारण केस इथे उभी राहते किंवा पडते. खासगी डॉक्टरकडे नेलंत तर "जखमेवर उपचार केले, रु. ८००" अशी पावती मिळते. ती न्यायालयात कामाची नाही. प्रमाणपत्रावर पुढच्या गोष्टी लिहून घ्या: तपासणीची तारीख-वेळ, प्राण्याचं वर्णन (रंग, लिंग, अंदाजे वय, खुणा), प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी-खोली, ती किती तासांपूर्वीची वाटते, कशाने झाली असावी (बोथट वस्तू, धारदार शस्त्र, भाजणं), आणि कायमचं अपंगत्व येईल का. "अपंग करणं" हा ३२५ चा शब्द आहे, आणि तो सिद्ध करणारं वाक्य डॉक्टरच लिहू शकतात. एक्स-रे काढला तर मूळ प्रत ठेवा. शक्य असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचाच कागद घ्या. साक्षीला त्याचं वजन जास्त.

जनावर मेलं असेल तर पुरण्याची घाई करू नका. महापालिकेची गाडी सकाळी येऊन उचलून नेते आणि पुरावा गेला. ठाण्यात लेखी मागणी करा: पंचनामा करावा, सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्यावं, आणि विषाचा संशय असेल तर व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवावा. तोपर्यंत शव सावलीत, बर्फाच्या पिशव्या लावून ठेवा. मात्र पूर्ण गोठवू नका, गोठलं की आतल्या अवयवांची तपासणी बिघडते. विषबाधेत उलटी, उरलेलं खाणं, आजूबाजूला टाकलेले गोळे हातमोजे घालून वेगळ्या डब्यांत भरा आणि पंचांसमोर पोलिसांच्या स्वाधीन करा. लहान मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा, हे सांगायला नकोच.

तक्रार अशी लिहा

तोंडी सांगत बसू नका. दोन प्रती घेऊन जा. भाषा कोरडी ठेवा. "नराधम", "माणुसकीला काळिमा" हे शब्द वर्तमानपत्रासाठी.

> प्रति,
> वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
> ……… पोलीस ठाणे.
>
> विषय: प्राण्यास अपंग केल्याबाबत भारतीय न्याय संहिता कलम ३२५ व प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० कलम ११(१)(ए) व (एल) अन्वये गुन्हा नोंदवण्याबाबत.
>
> महोदय,
> मी ……… , राहणार ……… . दिनांक ……… रोजी रात्री सुमारे ……… वाजता ……… येथे मी स्वतः पाहिले, की ……… याने लोखंडी पाइपने एका तपकिरी रंगाच्या नर कुत्र्याच्या मागच्या उजव्या पायावर तीन-चार वेळा मारले. त्यामुळे पायाचे हाड मोडले आहे. पशुवैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
> घटना ……… व ……… यांनीही पाहिली आहे. ……… या दुकानाच्या कॅमेऱ्यात चित्रण असण्याची शक्यता आहे; ते तातडीने जप्त करावे.
> सदर गुन्हा दखलपात्र असल्याने नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३ अन्वये प्रथम खबर (एफआयआर) नोंदवून प्रत द्यावी, ही विनंती.

जे स्वतः पाहिलं तेच "पाहिले" लिहा. ऐकलेलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहा. मारणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर "अनोळखी इसम" चालतं. 'एल' लावायचा तो मारण्याची पद्धत खरोखर क्रूर असेल तरच. उगाच कलमांची माळ लावली की तक्रार हलकी होते. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या.

हद्दीचा प्रश्न निघाला तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते.

"एनसी घेतो, चालेल ना?"

हे वाक्य ऐकू येणारच. एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. पाय मोडलेला असेल, जीव गेला असेल, तर चालणार नाही. शांतपणे सांगा, "साहेब, ३२५ दखलपात्र आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७४ चं पोटकलम चार बघा." फोनवर कलम उघडून ठेवा. वाद घालू नका. अंमलदाराला चुकीचा ठरवलात तर तो मदत करणार नाही, कलम दाखवलंत तर बहुतेक वेळा करतो. एका ठाण्यात हवालदारसाहेबांनी माझ्याकडून कलमाचा कागद मागून घेऊन टेबलाच्या काचेखाली सरकवला होता.

पाच वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. तेवढं कारण सांगितलं तर ते खोटं नसतं. पंधराव्या दिवशी मात्र जाऊन विचारा.

सरळ नकार मिळाला तर पायऱ्या अशा. आधी त्या तक्रारीची प्रत पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, रजिस्टर्ड पोस्टाने. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करून (पुढची कलमंही तिचीच). तरी काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. आधी ठाणं आणि मग अधीक्षक अशा दोन्ही दारांवर जाऊन आल्याचे कागद नसतील तर हा अर्ज टिकत नाही, म्हणून पोस्टाची पावती जपा. तिसरा रस्ता म्हणजे कलम २२३ खाली थेट खासगी फिर्याद. त्यात दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी मिळते, वेळ लागतो, आणि इथे वकील हवा.

गुन्हा खरोखरच अदखलपात्र असेल, म्हणजे साखळी, उपासमार, साधी मारहाण, तर एनसी घ्या, पण तिथे थांबू नका. तपासाच्या आदेशासाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं आणि तीन महिन्यांचं घड्याळ चालू आहे. शिवाय १९६० च्या कायद्याचं कलम ३४ फारसं कोणी वापरत नाही: गुन्हा होतो आहे असं वाटलं तर शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासमोर तपासणीसाठी हजर करू शकतो. बाल्कनीत दिवसभर बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पन्नास रुपयांच्या दंडाने काहीच मिळत नाही, या कलमाने तो बाहेर निघतो.

जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी चालू असेल तर तिला प्रत द्या. कागदावर ती प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. मुंबईत हे काम १८७४ पासून चालू आहे आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून. इतर जिल्ह्यांत अनुभव वेगवेगळा.

जप्त जनावर जातं कुठे

मालकावर गुन्हा नोंदवला आणि जनावर त्याच मालकाच्या दावणीला, असं होऊ नये म्हणून २०१७ चे मुद्देमाल प्राण्यांविषयीचे नियम आहेत. खटला चालू असताना ताबा पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी संस्थेकडे देता येतो आणि वाहतूक, उपचार, खुराक यांचा खर्च मालकावर बसतो. आरोपीचा वकील पहिल्याच आठवड्यात "जनावर परत द्या" असा अर्ज करतो. सरकारी वकिलांना हे नियम आधीच छापून नेऊन द्या. दोष सिद्ध झाल्यावर, जनावर मालकाकडे ठेवलं तर पुन्हा छळ होईल असं दिसलं तर न्यायालय १९६० च्या कायद्याच्या कलम २९ खाली मालकीही काढून घेऊ शकतं.

बैल: ऊस, ट्रक आणि शर्यत

महाराष्ट्रात हा विषय बैलाशिवाय पुरा होत नाही. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. टोकदार पराणी, खिळ्यांचं जू, काटेरी लगाम यांना बंदी. ओझ्याची मर्यादा जनावराच्या आकारावर आणि गाडीच्या चाकांवर ठरते. पाठीवरच्या ओझ्यासाठी गाढवाला ५० किलो, तट्टाला ७० किलो.

गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहिलं तर यातला कोणता नियम मोडला जातो ते सांगावं लागत नाही. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती हा ओझ्याचा आयता पुरावा असतो. पण इथे एक गोष्ट मनाला लागते. गाडीवानाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते, बैल दमला तर त्याचाच हप्ता बुडतो. गुन्हा त्याच्यावर दाखल होतो आणि ज्यांच्या गणितात ते ओझं ठरतं ते बाजूला राहतात. मी अशा वेळी गाडीवानाविरुद्ध धावत सुटत नाही. आधी कारखाना, पशुसंवर्धन विभाग आणि जिल्हाधिकारी यांना लेखी देतो, की काट्यावर जादा वजनाची गाडी घेऊ नका आणि वाटेत पाण्याची सोय करा. घोट्याला गळू झालेला बैल जुंपलेला दिसला तर मात्र तक्रार करतोच.

ट्रकमध्ये गुरं नेताना १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे एका ट्रकमध्ये सहाच, सोबत तंदुरुस्तीचा पशुवैद्यकीय दाखला. गाडी दिसली तर पाठलाग करू नका, क्रमांक आणि दिशा ११२ ला कळवा. गोवंश हत्याबंदीचा १९७६ चा राज्याचा कायदा, त्याची २०१५ मध्ये लागू झालेली सुधारणा, हा वेगळा विषय आहे. वाहतुकीतल्या क्रूरतेची तक्रार आणि ती तक्रार एकत्र कालवू नका. म्हैस आणि शेळी कोंबून नेली तरी वाहतुकीचे नियम तेवढेच मोडले जातात.

शर्यतींबद्दल गैरसमज दोन्हीकडे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला त्या बंद केल्या, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तेव्हा बैलगाडा शर्यत भरवणं हा आज गुन्हा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय किंवा अटी मोडून भरवणं हा गुन्हा आहे, आणि त्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बॅटरीचा शॉक, आर, शेपटी पिरगळणं दिसलं तर चित्रण करा आणि आधी परवानगीपत्राची प्रत मागा.

भटके कुत्रे

इथे नियम वेगाने बदलत आहेत. पाया आहे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा: पकडा, नसबंदी करा, लस द्या, त्याच जागी सोडा. खाऊ घालण्यासाठी सोसायटीने जागा ठरवून द्यायची, ती जिन्याजवळ, दारात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ नको. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला नसबंदी-लसीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडावेत, रेबीजचे आणि आक्रमक वगळून, असं सांगितलं आणि ठरलेल्या जागांखेरीज रस्त्यावर खाऊ घालायला मनाई केली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातले कुत्रे हलवून पुन्हा तिथे सोडू नयेत असं आलं. सुनावण्या पुढेही चालल्या, त्यामुळे वाद घालायला जाण्याआधी ताजा आदेश वाचा.

यातल्या कोणत्याही आदेशाने सोसायटीच्या अध्यक्षाला विष घालायचा किंवा पोत्यात भरून शहराबाहेर टाकायचा हक्क मिळालेला नाही. आणि जिन्यात दूध-भात ठेवणाऱ्या काकूंनाही तसा हक्क नाही. त्यांच्याशी आपणच बोललेलं बरं, नाहीतर चिडलेल्या रहिवाशांचा राग शेवटी कुत्र्यावरच निघतो.

पोपट, साप, मांजा

पिंजऱ्यातला हिरवा पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पाळणं गुन्हाच आहे, आजीने पाळला असला तरी. नाग घेऊन फिरणारा, मांडूळ विकणारा, घोरपड पकडणारा, सगळ्यांसाठी वनविभागाचा १९२६. तिथे पोलिसांपेक्षा वन अधिकारी लवकर हलतात आणि शिक्षा खरोखर जड आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे. विकणाऱ्याची तक्रार संक्रांतीच्या दोन आठवडे आधी करा, त्या दिवशी केली तर सगळा माल विकून झालेला असतो.

तारीख पडल्यावर

गुन्हा नोंदल्यापासून ९० दिवसांत तपास कुठवर आला हे तक्रारदाराला कळवायचं बंधन पोलिसांवर आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा. मधल्या काळात गल्लीतली मंडळी घरी येतात, "जाऊ द्या हो, शेजारी शेजारी राहायचंय". कधी कधी मिटवणं शहाणपणाचं असतं, विशेषतः उपचाराचा सगळा खर्च आणि जनावर आपल्या ताब्यात मिळत असेल तर. पण तोंडी माफीवर मागे हटू नका आणि दंडाधिकाऱ्यासमोर नसलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

समन्स यायला वर्ष जातं, दोन वर्षं जातात. घटना घडली त्याच रात्री वहीत सगळं लिहून ठेवा: कुठे उभे होतात, उजेड कसा होता, कोण काय बोललं. उलटतपासणीत वकील हेच विचारतो. डॉक्टरांची बदली झालेली असते, म्हणून त्यांचा नोंदणी क्रमांक आधीच टिपून ठेवा. आणि मधल्या काळात जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका. तारखेला तोच न्यावा लागतो.